जुन्या मेटल अल्बममधली गिटार एवढी पातळ का वाजते?

चवथीला बहिणीचा मुलगा डिचोलीहून आमच्याकडे फोंड्याला आला होता, बारावीत आहे, दोन वर्षं झाली गिटार धरून. दुपारी पातोळ्या खाऊन सगळे आडवे झाले आणि हा हेडफोन लावून मेटालिका ह्या हेवी मेटल बँडचा 'अँड जस्टिस फॉर ऑल' ऐकत बसला, कारण मीच त्याला दहा वेळा सांगितलं होतं की हा अल्बम ऐकल्याशिवाय मेटल वाजवायच्या गोष्टी करू नकोस. तिसरं गाणं संपायच्या आत हेडफोन काढून माझ्याकडे आला. "मामा, फाईल खराब आहे काय? गिटार पत्रा खरवडल्यासारखी वाजते आणि खाली काहीच नाही."

फाईल ठीक होती. १९८८ पासून तो अल्बम असाच वाजतो.

आणि हा प्रश्न त्याला एकट्याला पडत नाही. अधूनमधून कुठला तरी जुना अल्बम रीमास्टर होऊन, म्हणजे आवाजावर परत शेवटचा हात फिरवून, येतो आणि लोक परत भांडायला लागतात की एवढा मोठा बँड, एवढा पैसा, एवढा भारी स्टुडिओ, मग गिटारचा आवाज असा कसा ठेवला? मी बरीच वर्षं बँडमधे वाजवतोय, जत्रेच्या नाटकांना साऊंडवरही बसलोय, त्यामुळे हे माझ्या अगदी जिव्हाळ्याचं आहे. त्याला दोन दिवसांत जे समजावलं तेच इथे लिहितो, गिटार हातात न धरलेल्यालाही कळेल असं.

## आधी आवाज कुठून कुठे जातो ते बघू

इलेक्ट्रिक गिटार नुसती वाजवली तर शेजारच्या खोलीतही ऐकू येत नाही. तार हलते, तिच्याखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं त्याला पिकअप म्हणतात, तो त्या हलण्याची वीज करतो आणि अॅम्प ती वीज मोठी करतो. अॅम्पला झेपेल त्याच्यापेक्षा जास्त ढकललं की आवाज फाटतो, रॉकमधला तो जाडा, करकरीत आवाज म्हणजे हे फाटणंच, त्याला डिस्टॉर्शन म्हणतात आणि किती ढकलायचं त्या बटणाला गेन.

पुढे येतो स्पीकर, साधारण १२ इंची, आणि हाच लोक विसरतात. गिटारचा स्पीकर ५-६ हजार हर्ट्झच्या वरचं जवळजवळ सगळं गाळून टाकतो (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, जास्त कंपनं म्हणजे बारीक, टोकदार आवाज). हा स्पीकर मधून काढून फाटलेली गिटार सरळ रेकॉर्डिंगच्या मशीनमधे घातली तर डब्यात अडकलेल्या गांधीलमाशीसारखी वाजते. बीटल्सनी १९६८ मधे 'रिव्होल्युशन' गाण्यात मुद्दाम तेच केलं होतं, त्यांना तो चावरा आवाज हवाच होता. पण नकळत तसं झालं तर ऐकणाऱ्याचे कान दुखतात.

स्पीकरसमोर माइक येतो आणि तिथे तर खरी गंमत आहे. दुसऱ्या दिवशी मी त्याला आमच्या प्रॅक्टिसच्या खोलीवर घेऊन गेलो. त्याच्या हातात टॉर्च दिला, म्हटलं जाळीतून आत बघ, काळा कागदी कोन दिसतो आणि त्याच्या मधोमध एक गोल टोपी. माझ्याकडे शुअरचा एसएम ५७ आहे, १९६५ पासून बनतोय, गिटारच्या स्पीकरसमोर सगळ्यात जास्त हाच माइक लावला गेला असेल. आधी तो टोपीच्या बरोबर मध्यावर लावला आणि एकच रिफ, म्हणजे परत परत येणारा गिटारचा तुकडा, त्याच्याकडून वाजवून रेकॉर्ड केला. मग माइक दोन बोटं बाजूला, टोपीची कड जिथे कोनाला भेटते तिथे. मग अजून चार बोटं बाहेर. लॅपटॉपवर तिन्ही ऐकवले. पहिला टोकदार आणि सुंसुं करणारा, दुसऱ्यात अंगही होतं आणि धारही, तिसरा गोधडीखालून आल्यासारखा. पोरगा उठून अॅम्पची बटणं बघायला गेला, त्याला वाटलं मी मधे काहीतरी फिरवलं. काही फिरवलं नव्हतं, माइक सहा बोटं सरकला होता एवढंच.

आपल्या घुमटाचं घ्या ना. मातीचा घट, एक तोंड चामड्याने मढवलेलं, दुसरं छोटं तोंड उघडं, वाजवणारा डाव्या तळव्याने ते उघडझाक करतो आणि तेवढ्याने आवाज भरतो नाहीतर दबतो. आरतीला वाजवणाऱ्याच्या शेजारी बसलात तर चामड्यावरची थाप ऐकू येते, अंगणात उभं राहिलात तर नुसता घुमारा येतो आणि शामेळ (छोटा ढोल) न् कांसाळं (झांजा) वरचढ होतात. घुमट तेच, वाजवणारा तोच. रेकॉर्डिंगमधे तुमच्या कानाच्या जागी माइक असतो, आणि तो कुठे बसवायचा हे चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी तुमच्यासाठी ठरवून टाकलेलं असतं.

## मिड्स म्हणजे हुमणातलं वाटप

आता मुख्य भाग. बहुतेक अॅम्पवर तीन बटणं असतात: बेस म्हणजे खालचा जाड आवाज, ट्रेबल म्हणजे वरचा टोकदार, आणि मिडल म्हणजे मधला. त्या मधल्या पट्ट्याला सगळे मिड्स म्हणतात.

गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, बेस गिटारची, म्हणजे खालचे जाड सूर वाजवणाऱ्या गिटारची, जाड तार त्याच्या बरोबर निम्म्याला, ४१ ला. ड्रमरच्या पायाखालचा मोठा ड्रमही तिथेच खाली धडधडतो. वर झांजा म्हणजे सिंबल्स. म्हणजे खालच्या मजल्यावर बेस आणि ड्रम, माडीवर सिंबल्स, आणि गिटारला राहायला उरला मधला मजला. गाणाऱ्याचा आवाजही तिथेच, ते वेगळं भांडण.

आणि नवा मेटल वाजवणारा सगळ्यात आधी काय करतो? मिडल शून्यावर आणतो. बांगड्याचं हुमण, म्हणजे आमटी, करताना मिरची भरपूर, मीठ भरपूर, तिरफळंही घातली आणि खोबऱ्याचं वाटपच घातलं नाही तर काय होईल तेच इथे होतं, जिभेला झटका बसतो पण भाताला धरून राहत नाही.

मग तो असं करतो का? कारण घरी एकटा हळू आवाजात वाजवताना तेच भारी वाटतं. ह्याला कारण आपला कान. बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन ह्या दोघांनी १९३३ मधे मोजून दाखवलं की आवाज लहान असला की आपल्याला खालचं आणि अगदी वरचं कमी ऐकू येतं, मधलं मात्र चांगलं येतं. जुन्या टू-इन-वनवर 'लाउडनेस' नावाचं बटण असायचं ना, ते दाबलं की हळू आवाजातही गाणं भरदार लागायचं, ते ह्याचसाठी. खोलीत एकटा वाजवणारा नकळत तेच बटण दाबत असतो, खालचं वाढवतो, वरचं वाढवतो, मधलं काढतो. मग बँडमधे जातो. ड्रमर मोठ्याने वाजवतो, सिंबल्स वरचं खातात, बेस खालचं खातो, आणि मधलं ह्याने स्वतःच काढून टाकलेलं. गिटार गायब. मग तो आवाज वाढवतो, मग ड्रमर जोरात बडवतो, मग गाणारा चिडतो. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता नवीन पोरांच्या बँडला मदत करायला गेलो की सगळ्यात आधी मिडलचं बटण बघतो.

## जस्टिसमधे नेमकं काय झालं

सप्टेंबर १९८६ मधे स्वीडनमधे मेटालिकाची बस उलटली आणि त्यांचा बेसिस्ट, म्हणजे बेस गिटार वाजवणारा, क्लिफ बर्टन गेला. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. 'जस्टिस' हा त्याचा बँडबरोबरचा पहिला पूर्ण अल्बम, आणि त्यात त्याचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही.

त्यात तीन गोष्टी एकमेकींत अडकल्या. गाणाऱ्या आणि गिटार वाजवणाऱ्या जेम्स हेटफिल्डच्या गिटारचे मिड्स बरेच काढलेले आणि खालचा भाग वाढवलेला, म्हणजे गिटार बेसच्या मजल्यावर उतरलेली. दुसरं, बेस बऱ्याच ठिकाणी गिटारचीच रिफ जशीच्या तशी वाजवतो, त्यामुळे दोघं एकाच जागेसाठी भांडतात. आणि तिसरं मिक्सिंगमधे. मिक्सिंग म्हणजे वेगवेगळी रेकॉर्ड केलेली वाद्यं कोणाला किती आवाज द्यायचा, कोण डावीकडे, कोण उजवीकडे हे ठरवून एकत्र बांधणं. हे करणाऱ्या दोघांपैकी स्टीव्ह थॉम्पसनने नंतर मुलाखतीत सांगितलं की ड्रमर लार्स उलरिकने बेस खाली, अजून खाली आणायला लावला.

पण भाच्याची तक्रार गिटारची होती, बेसची नव्हे, आणि मला त्याला सगळ्यात जास्त हेच समजावायचं होतं. चांगल्या मेटल अल्बममधे गिटारचं जे वजन आपल्याला जाणवतं ना, त्यातलं बरंचसं बेस गिटारचं असतं. दोघं एकच रिफ वाजवतात तेव्हा कान त्यांना वेगळं काढत नाही, दोघांचं मिळून एक मोठं जनावर ऐकू येतं आणि आपण त्याला गिटार म्हणतो. बेस काढला की तीच गिटार, तोच हात, तोच अॅम्प, पण पातळ. १९८६ चा 'मास्टर ऑफ पपेट्स' लावून बघा, रिदम गिटारवर, म्हणजे रिफ वाजवणाऱ्या गिटारवर, हात हेटफिल्डचाच, पण तिथे गिटारखाली क्लिफ उभा आहे.

मला तो अल्बम मनापासून आवडतो, गाणी अफाट आहेत, आणि म्हणूनच जास्त लागतं. नवीन माणूस आला आणि त्याच्या पहिल्याच मोठ्या कामात त्याचा आवाज नाही, हे आजही मला चुकीचंच वाटतं.

## "पण तेव्हा टेक्नॉलॉजीच तशी होती ना?"

हे सगळेच म्हणतात आणि ते खरं नाही. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ मधे एका दिवसात रेकॉर्ड झाला. त्यांचा गिटारिस्ट टोनी आयोमी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात मशीनमधे गेली होती, तेव्हा तो १७ वर्षांचा होता, आमच्या पोराएवढाच. तो डावरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि वाजवत राहिला. त्या एका दिवसाच्या रेकॉर्डिंगमधली गिटार आजही अंगावर येते. एसी/डीसीचा 'बॅक इन ब्लॅक' १९८० चा, बहामाजमधे रेकॉर्ड झालेला, त्यात तर आपल्याला वाटतं त्याच्यापेक्षा गेन खूपच कमी आहे, प्रत्येक तार वेगळी ऐकू येते.

पैशाचं म्हणाल तर ते थोडं खरं आहे. मेगाडेथच्या १९८५ च्या पहिल्या अल्बमला कंपनीने ८,००० डॉलर दिले होते, त्यातले बरेचसे दारू-ड्रग्जमधे गेले, प्रोड्युसर परवडेना म्हणून बँडने स्वतःच उरकलं, आणि ते ऐकताना कळतं. पण मग सॅबथचाच १९८३ चा 'बॉर्न अगेन' बघा. इंग्लंडमधला द मॅनर नावाचा नामांकित स्टुडिओ, डीप पर्पलचा इयन गिलन गायला, आणि सगळं जणू उशीत तोंड खुपसून वाजवल्यासारखं. गिलन स्वतः त्या मिक्सवर नाराज होता.

ह्यात कानाच्या थकव्याचाही भाग असतो, त्याबद्दल लोक बोलत नाहीत. सात-आठ तास मोठ्या आवाजात तेच गाणं ऐकलं की कान बधिर होतो, मग माणूस अजून ट्रेबल वाढवतो आणि सकाळी ऐकतो तर कानात सुई. जत्रेत साऊंडवर बसून पहाटेपर्यंत नाटक काढलेल्या कोणालाही विचारा, दुसऱ्या अंकाला जे सेटिंग बरोबर वाटतं ते शेवटच्या अंकापर्यंत कुठे पोचलेलं असतं.

## "महागडा ट्यूब अॅम्प घेतला की झालं"

नाही. (ट्यूब अॅम्प म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा.) पँटेरा बँडचा गिटारिस्ट डाईमबॅग, त्याने ट्रान्झिस्टरवाले रँडल अॅम्प वापरून नव्वदच्या दशकातला सगळ्यात ओळखू येणारा आवाज काढला. डेफ लेपर्डचा १९८७ चा 'हिस्टेरिया' बराचसा रॉकमनवर झाला, बेल्टला अडकवता येईल एवढीच डबी, हेडफोन लावून प्रॅक्टिस करायला बनवलेली, बॉस्टन बँडच्या टॉम शोल्झची. तो आवाज मला जरा प्लास्टिकचा वाटतो, पण त्या गाण्यांत तो चपखल बसलाय हे मान्य.

गेनचं एकच सांगतो. मेटलमधे एकच रिफ दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवतात, त्यामुळे भिंत उभी राहते. पण प्रत्येक वेळी गेन फुल ठेवला तर प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची चपटी पट्टी, तारेवर पडल्याचा टक् असा आवाजच निघून जातो आणि दोन थरांचा चिखल होतो. थर वाढवायचे तर गेन कमी करायचा.

## मग नवीन अल्बम तरी का दमवतात?

२००८ मधे मेटालिकाचाच 'डेथ मॅग्नेटिक' आला. ह्यात मिड्स आहेत, बेस आहे, तरी दोन गाण्यांनंतर डोकं दुखतं. इथे दोष कॉम्प्रेशनचा. कॉम्प्रेशन म्हणजे मोठे आवाज दाबून लहान आवाज वर आणणं, थोडं केलं तर गाणं घट्ट होतं. पण आपलं गाणं दुसऱ्यांच्या गाण्यापेक्षा मोठं लागावं म्हणून सगळ्यांनी ते वाढवत नेलं. कुळागरात, म्हणजे माड-पोफळींच्या बागेत, माड लहान-मोठे असतात म्हणून ते कुळागर दिसतं. सगळ्यांचे शेंडे एका उंचीवर कापले तर नुसते खांब उरतील. ड्रमचा फटका आणि गिटारचा झटका हे आवाजाचे शेंडे, ते कापले गेले.

हे उघड कसं झालं तर 'गिटार हीरो' नावाच्या व्हिडिओ गेमसाठी त्याच गाण्यांचे ट्रॅक जास्त दाबायच्या आधी दिले गेले होते. लोकांनी दोन्ही शेजारी शेजारी ऐकले आणि गेममधलं जास्त मोकळं निघालं. शेवटचा हात फिरवणाऱ्या टेड जेन्सननेही म्हटलं होतं की माझ्याकडे आलं तेव्हाच ते चेपलेलं होतं.

## "रीमास्टर केलं की सुधारेल ना?"

मास्टरिंग म्हणजे हाच शेवटचा हात: मिक्स झालेल्या गाण्याचा एकूण रंग आणि आवाज ठरवणं. रीमास्टर म्हणजे शिजलेलं हुमण परत गॅसवर ठेवणं, वरून मीठ घालाल, पाणी घालाल, पण आत पडलेली मिरची काढता येणार नाही आणि न घातलेलं वाटप आता वाटून घातलं तरी कच्चं लागेल. 'जस्टिस' २०१८ मधे रीमास्टर होऊन आला, बेस होता तिथेच आहे.

रीमिक्स वेगळं. त्यात मूळ टेपवरचं एकेक वाद्य सुटं घेऊन परत बांधतात, म्हणजे सामान परत ओट्यावर. पण ते नेहमी चांगलंच होतं असं नाही. मेगाडेथचा 'रस्ट इन पीस' २००४ मधे रीमिक्स झाला, काही मूळ टेपच सापडल्या नाहीत म्हणून डेव्ह मस्टेनला काही भाग परत गावे लागले, आणि जुने लोक १९९० चाच लावतात, मीसुद्धा.

## "हे सगळं आवडीवर नाही का?"

बरंचसं आहे. एंटोम्बड बँडने १९९० च्या अल्बमसाठी स्टॉकहोममधल्या सनलाईट स्टुडिओत बॉसच्या एचएम-२ पेडलची (पायाने चालू-बंद करायची, आवाज फाडणारी डबी) सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवली आणि करवतीसारखा आवाज काढला, पुस्तकाप्रमाणे सगळं चूक, आणि त्याच्यावर अख्खी पद्धत उभी राहिली. नॉर्वेच्या डार्कथ्रोनने १९९४ चा अल्बम घरी चार ट्रॅकच्या मशीनवर केला, गिटार गंजलेल्या वाऱ्यासारखी, आणि त्या गाण्यांना दुसरा आवाज शोभलाच नसता. मी हे असं ओळखतो: गाणं जे म्हणतंय तेच आवाज म्हणतोय काय? करवतीचं गाणं असेल तर करवत चालते. पण 'जस्टिस'ची गाणी डोंगराएवढी आहेत, बरीचशी सहा ते जवळजवळ दहा मिनिटांची, त्यांना खाली जमीन पाहिजे होती.

एवढं सगळं ऐकून घेतल्यावर पोरगा म्हणाला, कळलं, पण पटलं नाही, बेस नसल्यामुळे गिटार पातळ होते हे कसं काय.

बोलून उपयोग नव्हता. घरी येऊन मी माळ्यावरची जुनी बेस गिटार काढली, तारांवर गंज होता, तशीच पुसून ट्यून केली आणि छोट्या अॅम्पला लावून त्याच्या हातात दिली. 'जस्टिस' टेबलावरच्या स्पीकरवर लावला. म्हटलं रिफ तुला येते, तीच वाजव, फक्त जाड तारेवर, गिटारच्या बरोबर. पहिल्या दोन वेळा मागेपुढे झाला. तिसऱ्यांदा बरोबर बसला, तसा वाजवता वाजवताच मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"मामा, गिटारचा आवाज वाढवलास काय तू?"

मी खुर्चीवरून उठलोही नव्हतो. त्याने गाणं परत पहिल्यापासून लावलं.